तळ्यातील लहान मासे ओळखणे व त्यांच्या आमिषाने मरळ पकडणे

पावसाळ्यात गावतळ्यात मत्स्यबीज सोडले जाते. बोटुकल्या मोजून घेतल्या जातात, संस्थेच्या वहीत आकडा लिहिला जातो आणि उन्हाळ्यात जाळे ओढले म्हणजे हाती येणारे मासे त्या आकड्याच्या मानाने फारच थोडे भरतात. मग कोणी बीज कमअस्सल होते असे म्हणतो, कोणी चोरीचा संशय घेतो, तर कोणी तळ्याचे पाणीच वाईट ठरवितो. यांपैकी एखादे कारण खरे असूही शकेल. परंतु बऱ्याच तळ्यांत खरा चोर पाण्यातच असतो व तो वर्षभर तेथेच राहतो. मरळ, शिवडा यांसारखे भक्षक मासे हा तो चोर होय.

नुकसानीचा अंदाज साध्या हिशेबाने येईल. एका मोठ्या मरळीने दिवसाला केवळ दोन बोटुकल्या खाल्ल्या, असे धरले तरी दोन महिन्यांत १२० बोटुकल्या संपतात. तळ्यात अशा दहा मरळी असल्यास हा आकडा १,२०० वर जातो. म्हणून बीज सोडण्यापूर्वी भक्षक मासे काढून टाकणे हे मत्स्यशेतीतील पहिले काम मानले जाते. शेतात तण ठेवून पेरणी करणे आणि तळ्यात मरळ ठेवून बीज सोडणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच समजाव्यात.

जाळे व औषध यांच्या मर्यादा

लहान शेततळे असेल तर ते उपसून कोरडे करता येते व सर्व प्रश्न मिटतो. स्वतःच्या मालकीच्या लहान तळ्यात मोहाची पेंड वापरण्याचीही रीत आहे. एक मीटर खोल पाणी असलेल्या एक हेक्टर तळ्यास सुमारे २,५०० किलो पेंड लागते. पेंडीतील विषारी द्रव्याने सर्व मासे मरतात. पुढे तीच पेंड कुजून खत म्हणून उपयोगी पडते. परंतु हे विष भक्षक व निरुपद्रवी मासा असा भेद करीत नाही आणि दोन ते तीन आठवडे पाण्यात त्याचा अंमल राहतो. ज्या तळ्यावर गावाची गुरे पाणी पितात व बायका धुणे धुतात, तेथे हा उपाय करू नये. सुरुंगाची दारू व विष वापरून सार्वजनिक पाण्यातील मासे मारणे १८९७ सालच्या भारतीय मत्स्यपालन कायद्यानेच शिक्षापात्र ठरविले होते, हेही ध्यानात ठेवावे.

राहता राहिले जाळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने मालगुजारी तलाव पाहिले म्हणजे जाळ्याची अडचण लक्षात येते. काठाला बेशरम व पाणवनस्पती, तळाला झाडांची खोडे व गाळ. ओढजाळे अशा ठिकाणी अडकते किंवा फाटते. मरळ तर जाळ्याची चाहूल लागताच गाळात दबून बसते आणि जाळे तिच्या पाठीवरून निघून जाते. तेथे गळ व जिवंत आमिष हाच उपाय कमी खर्चाचा व खात्रीचा ठरतो. धीवर समाजातील जाणती मंडळी हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. ग्रामसेवकाने त्यांच्या अनुभवाचा लाभ अवश्य घ्यावा.

भक्षक माशांची ओळख

मरळीचे डोके सापासारखे चपटे असते व त्यावर मोठी खवले असतात. पाठीवरील पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो. तिच्या एका मोठ्या जातीत शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका असून त्याभोवती फिकट कडा असते. मरळीला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेता येतो, किंबहुना तो घ्यावाच लागतो. म्हणून ती अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते व पाण्यावर एक वर्तुळ उमटते. संध्याकाळी शांतपणे काठावर बसून अशी वर्तुळे कोठे उठतात हे पाहिले, तर मरळीचा ठाव कळतो. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी पिलांचा थवा एकत्र फिरताना दिसला, तर खाली त्यांचे रक्षण करणारे आईबाप आहेत असे निश्चित समजावे.

शिवड्याच्या अंगावर खवले नसतात. तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते, मिशांच्या दोन जोड्या असतात व पोटाखालचा पर फार लांब असतो. तो तळाशी राहतो आणि मुख्यतः रात्री हिंडतो. खरबा हा लहान भक्षक तळाशी पडून राहतो. त्याचे पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. तो गळाला लागल्यास पुन्हा पाण्यात सोडू नये.

आमिषाचे लहान मासे

तळ्यात आपोआप वाढणाऱ्या लहान माशांना तणमासे म्हणतात. ते कटला, रोहू व मृगळ यांच्या तोंडचे अन्न खातात. याच माशांचे आमिष केल्यास एका कामात दोन कामे साधतात. गावोगावी या माशांची नावे बदलतात. म्हणून नावापेक्षा खुणेवर भर द्यावा. तथापि स्थानिक नावांची किंमत कमी समजू नये. साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा त्याने कोळस, खुद्री, मळ्या ही येथील कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली व ती आजही जगभर चालतात.

खवली : रुंद, रुपेरी अंगाचा मासा. यास काही ठिकाणी पोठी म्हणतात. खवले अंगाच्या मानाने मोठी. डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत सुमारे २२ ते २६ भरतात. एका जातीत कल्ल्यामागे एक व शेपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके, तर दुसरीत शेपटीच्या बुडाशी एक व पाठीवरील पराच्या बुडाशी एक ठिपका असतो. दोन्ही जातींना मिशा नसतात. खवली काटक असून गळावर बराच वेळ हालचाल करते. मरळीसाठी हे उत्तम आमिष होय.

अळकुट किंवा चाल : लांबट, दोन्ही बाजूंनी दाबलेला, सुरीच्या पात्यासारखा मासा. पोटाची कड धारदार, तोंड वर वळलेले, खवले बारीक व हात लागताच गळणारी. तो पृष्ठभागावर थव्याने फिरतो. त्याची चकाकी भक्षकास दुरून दिसते, पण तो पाण्याबाहेर काढताच लवकर मरतो. म्हणून पकडल्याबरोबर वापरावा.

काळ्या पट्ट्याचा मासा : शास्त्रात यास रासबोरा म्हणतात. डोळ्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक सरळ काळसर पट्टा असतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. आमिष म्हणून मध्यम प्रतीचा.

मुरी : बोटाएवढी, गोल अंगाची, तोंडाभोवती आखूड मिशा असलेली मासळी. वाळूत व चिखलात राहते. काही मुऱ्यांच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो, तो बोचतो. तेव्हा सांभाळून धरावी. मुरीही हवा घेऊ शकत असल्यामुळे बादलीत व गळावर सर्वांत अधिक वेळ जिवंत राहते. शिवड्यासाठी तळाशी सोडावयाच्या गळाला मुरी लावावी.

मळ्या : हनुवटीखाली चकतीसारखा चोषक असलेला, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांना चिकटून राहणारा मासा. तो तळ्यात क्वचित सापडतो. त्यासाठी मुद्दाम ओढे धुंडाळू नयेत.

काचकी : अंग इतके पारदर्शक की आतील हाडे दिसतात. पाठीच्या परात टोकदार काटे असतात. आमिष म्हणून फारशी उपयोगाची नाही. परंतु तिची एक जात इतर माशांची खवले कुरतडून खाते. त्यामुळे जाळ्यात आल्यास तीही काढून टाकावी.

चिलापी : १९५२ साली भारतात आणलेला हा मासा आता अनेक तळ्यांत माजला आहे. पाठीच्या पराचा पुढील भाग काटेरी असतो. त्याची पिले ज्या तळ्यात असतील त्याच तळ्यात आमिषासाठी वापरावीत. दुसरीकडे नेऊ नयेत.

गप्पी व गंबुसिया हे मासे मात्र आमिषासाठी घेऊ नयेत. विहिरी, टाकी व डबकी यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग ते सोडतो. एका मरळीसाठी गावाच्या हिवतापाचा बंदोबस्त मोडणे शहाणपणाचे नाही. बेडूकही गळाला लावू नये. तो पिकावरील किडी खाणारा शेतकऱ्याचा मित्र आहे.

बोटुकली गळाला लागू नये

या कामातील सर्वांत मोठी चूक म्हणजे तणमासा समजून चांगल्या माशाची बोटुकली आमिषाला लावणे. ही चूक सहज होते, कारण मृगळाच्या बोटुकलीवरही शेपटीच्या देठाजवळ चौकट किंवा त्रिकोणासारखा काळा डाग असतो आणि रोहूच्या लहान पिलाच्या शेपटीच्या देठावर काळसर पट्टा असतो. केवळ ठिपका पाहून खवली ठरविणारा माणूस येथे फसतो.

खात्रीची खूण पाठीवरील पराची होय. मासा ओल्या हातात धरावा व बोटाने पर हळूच उभा करून पसरावा. पुढील बिनफाट्याचे किरण सोडून, टोकाला फाटे फुटलेले किरण मोजावेत. खवलीत ते ८ असतात. रोहू व मृगळ यांत १२ किंवा अधिक, कटल्यात १४ किंवा अधिक, तर सायप्रिनसमध्ये पर त्याहूनही लांब असतो. शिवाय रोहू, मृगळ व कटला यांची खवले बारीक असून एका ओळीत सुमारे ४० किंवा अधिक भरतात. कटल्याचे डोके मोठे व तोंड वर वळलेले. रोहूचे ओठ झालरीसारखे. मृगळाचे अंग सडपातळ व ओठ पातळ असतात.

यावरून एक सोपा नियम करता येतो. शंका आली की किरण मोजावेत. संख्या दहाच्या वर गेल्यास तो मासा परत पाण्यात सोडावा. हे काम पहिल्या दिवशी ग्रामसेवकाने पाच-दहा तरुणांकडून स्वतःसमक्ष करून घ्यावे. दोन-तीन वेळा मोजल्यावर नजर तयार होते व पुढे मोजण्याचीही गरज उरत नाही.

आमिष पकडणे व जिवंत ठेवणे

लहान मासे उथळ पाण्यात बारीक आसाच्या फेकजाळ्याने पकडावेत. जाळे नसल्यास अरुंद तोंडाच्या टोपलीत कोंडा व भाताचा गोळा ठेवून ती काठाजवळ बुडवावी; तासाभरात मासे आत शिरतात. ५ ते ८ सेंटिमीटर लांबीचे मासे निवडावेत. ते त्याच तळ्याच्या पाण्यात, सावलीत ठेवावेत. बादलीत दाटी करू नये व तोंडावर ओले फडके टाकावे. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की निम्मे पाणी बदलावे. नळाचे जंतुनाशक टाकलेले पाणी वापरू नये. अधिक मासे ठेवावयाचे असल्यास बारीक आसाच्या कापडाची पिशवी चार काठ्यांना बांधून तळ्यातच उभी करावी.

आमिष एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कधीही नेऊ नये. माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा एक रोग १९८८ साली भारतात शिरला. त्यास बळी पडणाऱ्या माशांत मरळ व खवली यांचा क्रमांक वरचा लागतो. म्हणजे येथे आमिष व शिकार ही दोन्ही रोगाची वाहने ठरतात. अंगावर तांबडे डाग किंवा व्रण असलेला मासा आमिषास लावू नये. असे मासे दिसल्यास मत्स्यव्यवसाय विभागास तत्काळ कळवावे.

गळ लावण्याची रीत

मार्च ते मे या काळात पाणी उतरते, भक्षक मासे थोड्या जागेत गोळा होतात व अजून त्यांची वीण झालेली नसते. म्हणून बीज सोडण्यापूर्वीचा हा काळ सर्वांत योग्य होय. वेळ दिवस मावळण्याच्या सुमाराची व पहाटेची धरावी.

मरळीसाठी बांबूची लवचिक काठी काठावर घट्ट रोवावी व तिचे टोक पाण्यावर झुकते ठेवावे. दोरीची लांबी अशी ठेवावी की, आमिषाचा मासा पृष्ठभागालगत राहून पाण्यावर चुळबुळ करील. हवा घेण्यासाठी वर येणारी मरळ त्या आवाजाकडे वळते. दोन काठ्यांत पाच-सहा मीटर अंतर ठेवावे आणि जेथे वर्तुळे दिसली असतील त्या पाणवनस्पतींच्या कडेला त्या लावाव्यात. मरळीचे दात तीक्ष्ण असल्याने गळाच्या वर वीतभर बारीक तार बांधावी.

गळ आमिषाच्या पाठीवरील पराच्या खालून, कण्याच्या वरच्या मांसातून आडवा ओवावा. कण्यात रुतल्यास मासा लगेच मरतो. फार वरून ओवल्यास कातडी फाटून तो निसटतो. मेलेल्या आमिषाकडे मरळ सहसा वळत नाही, म्हणून ते वेळोवेळी बदलावे.

शिवड्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून आमिष तळाशी सोडावे. मात्र हे केवळ बीज सोडावयाच्या तळ्यातच करावे. नद्यांतून शिवडा कमी होत चालला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद धोक्यातील जातींत केली आहे.

गळ लावून घरी निघून जाऊ नये. दर तासा-दोन तासांनी फेरी घालावी. अडकलेला मासा वेळेवर काढल्यास जिवंत राहतो व जिवंत मरळीला बाजारात चांगला भाव मिळतो. गळाला कासव लागल्यास दोरी कापून, शक्य तर गळ काढून, त्यास सोडून द्यावे. वन्यजीव कायद्याने त्यास संरक्षण आहे. सकाळी सर्व गळ मोजून परत घ्यावेत. मागे राहिलेला एक गळ गुराच्या तोंडात किंवा पोहणाऱ्या मुलाच्या पायात जाऊ शकतो.

पोट फाडून दाखवावे

ज्या गावात या कामाची गरज पटलेली नसेल, तेथे व्याख्यानापेक्षा एक प्रयोग अधिक उपयोगी पडतो. पकडलेल्या दोन-चार मरळी काठावरच चिरून त्यांच्या पोटात काय आहे ते संस्थेच्या सभासदांसमोर मांडावे. मागील वर्षीच्या बिजातील मासा त्यात निघाला, तर वहीतील आकडा कोठे गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. पकडलेल्या प्रत्येक भक्षक माशाची तारीख, लांबी व पोटातील अन्न यांची नोंद ठेवावी.

समतोल ध्यानात ठेवावा

अमेरिकेतील शेततळ्यांत बास नावाचा भक्षक मासा मुद्दाम पाळतात व त्याच्या अन्नासाठी ब्लूगिल हा लहान मासा सोबत सोडतात. तेथे भक्षक हेच पीक असते व लहान मासा हा त्याचा चारा असतो. आपल्या गावतळ्यात पीक कटला, रोहू व मृगळ यांचे आहे. म्हणून तेथे जो पाळीव, तसाच मासा येथे उपद्रवी ठरतो. मरळीचेच पीक घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र तळे राखावे.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. मरळ बोटुकल्या खाते, तशी ती खवली व अळकुटही खाते. केवळ मरळी काढल्या आणि तणमासे तसेच ठेवले, तर त्यांची संख्या भरमसाट वाढून ते बोटुकल्यांचे अन्न फस्त करतील. म्हणून आमिषास लागतील त्याहून अधिक तणमासे बारीक जाळ्याने काढत राहावेत. ते सुकवून विकता येतात किंवा कोंबड्यांना घालता येतात.

एवढे करूनही शेवटची मरळ निघालीच असे होत नाही. पुराच्या पाण्याबरोबर नव्या मरळी येतात आणि ओल्या गवतातून सरपटतही येतात. तेव्हा पाणी आत येण्याच्या वाटेवर जाळी बसवावी आणि बीज शक्यतो १० सेंटिमीटरपेक्षा मोठे झाल्यावरच सोडावे. मोठी बोटुकली भक्षकाच्या तोंडात सहज मावत नाही व पळूनही जाऊ शकते. दरवर्षी उन्हाळ्यात आठ-दहा संध्याकाळी या कामाला दिल्या, तर संस्थेच्या वहीतील आकडा व जाळ्यातील मासळी यांतील अंतर कमी होत जाईल आणि बिजावर खर्चिलेला पैसा मरळीच्या पोटात न जाता सभासदांच्या घरी येईल.